धुरावर धावून येणारे काका

अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणाचीही फोडणी तडतडली की स्मोक अलार्म कोकलायचा आणि खालच्या मजल्यावरचे काका टॉवेल घेऊन जिना चढायचे. "आलो, आलो! आधी गॅस बारीक करा!" अलार्मखाली उभे राहून ते टॉवेल असा फिरवायचे, जणू गणपतीपुढे नाचताहेत. अलार्म गप्प झाला की चहासुद्धा न घेता परत जायचे. फार रुबाबदार माणूस!

एका शनिवारी काका-काकूंना घेऊन आम्ही एक जुनं जपानी शेतघर बघायला गेलो. जपानमधून सुटं करून आणलेलं, इथल्या बागेत पुन्हा उभं केलेलं, वर जाडजूड गवताचं छप्पर. आत जमिनीतल्या चुलीत लाकडं पेटवली होती. धूर वर चढताना दिसला मात्र, काकांनी अंगातलं जॅकेट काढलं आणि आढ्याकडे बघत गरागरा फिरवायला सुरुवात केली.

घर दाखवणाऱ्या जपानी आजी हसत इंग्रजीत म्हणाल्या, "असू द्या. या धुरामुळेच छपराला कीड लागत नाही."

काकांचा हात वरच थांबला. मग चुलीपाशी ऐसपैस मांडी घालून ते काकूंना म्हणाले, "अगं, इथे घाल गं तुझी लसणाची फोडणी! वर कोण्णी ओरडणारं नाही!"