दक्षिण वाऱ्याची मांडणी

हर्शेल प्रुइट आमच्या गावात भात वाळवायची यंत्रं दुरुस्त करायचा. वय एकसष्ट, बोलणं बेताचं, आणि स्वतःच्या अंदाजावर फार विश्वास. मी त्याचा शेजारी, त्यामुळे डिसेंबर लागला की त्याच्या अंगात काय संचारतं ते मला ठाऊक होतं. बत्तीस हिवाळे त्याने बदकांची शिकार एकाच जागी केली, मित्राच्या पाणी भरलेल्या भातखाचरात. तिथला एकेक बांध त्याच्या पायांना पाठ होता. मग मित्र वारला. त्याच्या मुलाने खाचरं शहरातल्या डॉक्टरांना शिकारीसाठी भाड्याने दिली. हर्शेलला हे कोणी सांगितलं नाही. तो गेला तेव्हा फाटकाला नवं कुलूप होतं.

"आता सरकारी रानात जाऊ," तो डूई स्टाइल्सला म्हणाला. डूई म्हणजे निवृत्त पोस्टमन, सत्तरीचा, डाव्या कानाने बहिरा, आणि हर्शेलचा शिकारीतला जोडीदार.

"ते रान आपल्या ओळखीचं नाही बाबा."

"म्हणून तर शनिवारी शिकारीला जायच्या आधी एकदा बघून यायचं."

त्या आठवड्यात त्याने छातीपर्यंतच्या रबरी विजारीला गुडघ्यावर ठिगळ लावलं, खऱ्या बदकांना भुलवायच्या तीन डझन नकली बदकांना नव्या दोऱ्या आणि शिशाची वजनं बांधली, होडीचं इंजिन उघडून पुसलं. हिवाळ्यात नदीच्या पाण्याखाली जाणाऱ्या त्या रानाचा नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावरून हलेना. त्याची बायको नॉरीन नकाशाच्याच कडेवर जेवणाचं ताट ठेवायची.

"कागदावर पाणी निळं दिसतं," ती म्हणाली. "तिथलं काळं असतं. तळ दिसत नाही."

"काठी टेकत चालेन."

"तू? तू तर अंधारात जिनासुद्धा दिवा न लावता उतरतोस."

मंगळवारी दुपारी दोघं निघाले. रानाच्या तोंडाशी बर्निसचं दुकान आहे. गळ, काडतुसं, कॉफी, शिकारीचे परवाने, सगळं तिथे मिळतं. बर्निसने परवान्यावर शिक्का मारला आणि परवाना हातातच धरून ठेवला.

"नदी रोज वीतभर चढतेय," ती म्हणाली. "आणि आत एक जुना चर आहे, निचऱ्यासाठी खणलेला. तुम्ही मांडीभर पाण्यातून चाललेले असता आणि पुढच्या पावलाला जमीनच नसते."

"नेमका कुठे आहे?"

"पाणी भरलं की कोणालाच सांगता येत नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "होड्या सोडायच्या धक्क्यावर एक पिकअप उभी आहे. काल पहाटेपासून. मी वर कळवलं. म्हणाले, शिकारी आहे, येईल."

पिकअप हिरवी होती. काचेवर कालचं बर्फ अर्धं वितळून पुन्हा गोठलं होतं. हर्शेलने बॉनेटवर तळवा ठेवला. डूई म्हणाला, "दीड दिवसाने काय गरम लागणार आहे तुला?" दोघांनी होडी पाण्यात सोडली.

आत ओकची झाडं पाण्यात उभी होती, सगळी सारखी, सगळ्यांच्या खोडांवर त्याच उंचीला ओली रेघ. हर्शेल दर वीस झाडांमागे नारिंगी फीत बांधत होता. इंजिन बंद करून ते वल्ह्याने सरकत होते. अर्ध्या तासाने पुढे मोकळं पाणी लागलं आणि त्यात बदकं दिसली. हिरव्या डोक्यांची, शंभरेक तरी असतील. निवांत पोहत होती.

"वा," डूई हळूच म्हणाला. "सापडली की जागा."

हर्शेलने हात वर केला. बदकांमधली काही हलत नव्हती. नुसती जागच्या जागी डुलत होती. खरी बदकं त्या नकली बदकांना अंग घासत फिरत होती.

"कोणीतरी दबा धरून बसलंय इथे," डूई म्हणाला.

"कोणी बसलं असतं तर ही बसली असती का?"

मग त्याने नकली बदकांची मांडणी नीट पाहिली. बदकं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून शिकारी वाऱ्याकडे पाठ करून बसतो आणि समोर उतरायला जागा मोकळी सोडतो. इथे मोकळी जागा उत्तरेला होती. ही दक्षिण वाऱ्याची मांडणी होती. आणि वारं तर सोमवारी सकाळीच उलटून उत्तरेचं झालं होतं.

"कालची आहे ही," हर्शेल म्हणाला. "वारं फिरल्यावर कोणी हलवलीच नाही."

त्याने हाक मारली. बदकं एकदम उठली आणि त्यांच्या पंखांचा आवाज विरल्यावर रानात दुसरा आवाज उरला नाही. दक्षिणेच्या कडेला एका खोडाला बंदूक टांगलेली होती, शेजारी पिशवी. जरा पलीकडे झाडाला रिकामी होडी बांधलेली. तिच्यात दोन मारलेली बदकं, ताठ झालेली.

"तिसरं आणायला गेला असेल," डूई म्हणाला. "चल परत, हर्शेल. इथे फोन लागत नाही. माणसं आणू."

हर्शेलने आधी काठी पाण्यात घातली. मांडीभर. होडी दोन हात सरकवून पुन्हा घातली. या वेळी काठी आत गेली, त्याचं कोपर बुडलं, तरी टेकली नाही.

फितींच्या मागाने ते परतले, बर्निसच्या फोनवरून कळवलं, आणि तासाभराने बचावाची माणसं आली. दिवस मावळायच्या आत त्यांनी क्लिफ्टन मेब्रीला वर काढलं. बेचाळीस वर्षांचा, शेजारच्या जिल्ह्यातला, सुतार. विजारीत पाणी भरलं होतं. तो चरात होता, नकली बदकांपासून दहा-बारा हातांवर. हर्शेल आणि डूईची होडी येताना त्याच्या वरून गेली होती.

शनिवारी हर्शेल शिकारीला गेला नाही. तो मेब्रीच्या घरी गेला. बचाववाल्यांनी नकली बदकं तशीच सोडली होती, ती त्याने आदल्या दिवशी जाऊन गोळा केली होती, दोऱ्या गुंडाळून पोत्यात भरली होती. मेब्रीची बायको दारात उभी राहिली.

"तुम्ही त्याला ओळखत होतात?"

"नाही, बाई."

"मग त्या रानात तुम्ही का गेला होतात?"

"शनिवारची तयारी करायला."

"तोही हेच म्हणाला होता. नुसता बघून येतो." तिने पोतं घेतलं नाही. हर्शेलने ते ओसरीवर ठेवलं.

पुढच्या सप्टेंबरात रान कोरडं पडलं, तेव्हा तो एकटाच तिथे गेला. चर सापडायला अख्खी सकाळ लागली. तो वेडावाकडा होता, नकाशावर कुठेच नव्हता, आणि त्याची एक शाखा थेट धक्क्याच्या दिशेने जात होती. हर्शेल तळाशी उतरला. काठ त्याच्या डोक्याच्या वर हातभर होता. चर संपेपर्यंत तो आतूनच चालला, आणि मध्येमध्ये वर चढून दोन्ही काठांवरच्या झाडांना, पुराची रेघ होती त्याच्याही वर, पांढऱ्या फिती बांधत गेला. गेली सहा वर्षं दर सप्टेंबरात तो हे करतोय.

मागच्या वर्षी परतला तेव्हा मी विचारलं, झालं का काम.

"नाही रे," तो बुटांचा चिखल खरवडत म्हणाला. "चर सरकलाय. काठ ढासळतोय पुराने. ज्यांना फिती बांधल्या होत्या त्यातली चार झाडंच चरात गेली."