मागच्या खोलीचा उकाडा

आमचं ऑफिस उरणला, मिठाच्या एका जुन्या कोठारात. आम्ही कंटेनरची कागदपत्रं करतो. पुढचा हॉल दगडी, हातभर जाड भिंतींचा. मागची खोली नंतर कुणीतरी जोडलेली, वर पत्रा, दुपारनंतर ऊन थेट डोक्यावर. एसीचं मशीन एकच, त्याचा पाइप छताखालून पुढून मागे गेलेला. गेल्या उन्हाळ्यात हे मशीन पाच मिनिटं चालायचं आणि बंद पडायचं. पुढच्यांना तेवढं पुरायचं. मागे गार वारा पोचायच्या आत संपायचा.

ऑफिसात काहीही बिघडलं की "ताईंना सांगा". ताई म्हणजे मी. नळ गळला, ताई. झेरॉक्स अडलं, ताई. साहेबांना सांगायला गेलं की म्हणायचे, "थोडं अॅडजस्ट करा." स्वतः पुढे बसून दुसऱ्याला अॅडजस्ट करा सांगायला काय जातं?

मागे बसायची ती आमच्याच गावची सून. सातवा महिना लागला होता तिला. तिच्या घरात ऑफिसात नोकरी करणारी ती पहिलीच बाई, आणि सासरच्यांना ते तसंही फार रुचलेलं नव्हतं. एकदा डबा खाताना म्हणाली, "ताई, इथे चक्कर आली ना, तर मग घरी बसवतील मला. परत नाय पाठवणार." तेव्हापासून तो एसी माझ्या डोक्यात बसला.

पुढच्या तिघांना विचारलं, कुणी महिनाभर जागा बदलता का. एकाला पाठदुखी, एकाला फोन सांभाळायचे, तिसऱ्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं. मनातल्या मनात तिघांनाही शिव्या घातल्या. मी तरी माझी खुर्ची कुठे देऊ केली?

मेकॅनिक एकामागून एक आले. पहिल्यानं गॅस भरला. दुसऱ्यानं जाळी धुतली आणि पहिल्याला नावं ठेवली. तिसरा मशीनवर थाप मारून म्हणाला, "मशीन चांगली हाय ताई, बिल्डिंग जुनी हाय." मी म्हटलं, "बाबा रे, बिल्डिंग जुनी आहे ते मला दिसतंय, त्यासाठी तुला नाही बोलावलं." साहेबांच्या डोक्यातून निघालं म्हणून पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली. ते पाणी गळून खालच्या फायलींवर आलं, आणि त्याबद्दल बोलणी मीच खाल्ली. नुसता संताप यायचा.

ती मात्र मागे कागद भरत बसायची. दुपारी तिचा चेहरा लालबुंद झालेला दिसला की मी म्हणायची, "अगं, पुढे ये, माठातलं गार पाणी पी, जरा बस." तो माठ मी ठेवलेला. चैत्र लागला की दारात वाटसरूला पाणी ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. ऑफिसात ट्रकवाले कागद घ्यायला येतात, उन्हातनं तापून आलेले, म्हणून दरवर्षी मी उंच तिवईवर माठ ठेवते आणि त्याला ओलं फडकं गुंडाळते. गेल्या वर्षी तो दारातून हलवून हॉलच्या भिंतीला टेकून ठेवला होता. पाणी पिऊन एखादा ड्रायव्हर "बरं वाटलं" म्हणाला की मला दिवसभर पुरतं.

एका शुक्रवारी दुपारी मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला. ती खाली बसली होती, भिंतीला डोकं लावून. डोळे उघडे, पण मला ओळखायला तिला वेळ लागला. तिला पुढे आणून माझ्या खुर्चीवर बसवलं. तेव्हा दिली मी खुर्ची. संध्याकाळी नवरा न्यायला आला, आणि सोमवारी ती आली नाही. नोकरी सोडत असल्याची चिठ्ठी नवऱ्याच्या हातून आली.

मंगळवारी चौथा मेकॅनिक आला, म्हातारा माणूस. मशीनकडे गेलाच नाही. विचारलं, "हवा किती गार झाली ते बघून मशीन बंद करणारी डबी असते, ती कुठाय?" कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं मशीनकडून येणारी वायर धरली आणि भिंतीला हात लावत लावत चालत गेला. वायर माठाच्या मागे गेली. त्यानं माठ उचलून खाली ठेवला. मागे भिंतीवर डबी होती, रंगाऱ्यानं तिच्यावरूनही चुना फिरवलेला, आणि माठाचं ओलं फडकं तिला चिकटून.

"हिला वाटतंय सगळं ऑफिस गार पडलं," तो म्हणाला. "म्हणून बंद करते बिचारी."

पाऊण तासात मागची खोली गार झाली. मी तिथे जाऊन तिच्या खुर्चीवर बसले. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

रात्री न राहवून तिला फोन केला. म्हटलं, एसी झाला गं नीट. डबी कुठे सापडली ते सांगायचं होतं, पण तोंडातून निघेना.

"बरं झालं ताई," ती म्हणाली. "आता जी कोण येईल तिला बरं." मग म्हणाली, "पण माठाचं फडकं बघा हां. तुम्ही सकाळी ओलं करता, ते दुपारपर्यंत सुकतं. मी रोज जेवणानंतर परत भिजवायची, तुमच्या ड्रायव्हरांना गार मिळावं म्हणून. आता कोण करतं?"

"मी करते," मी म्हटलं.