दाजींचा दिवा

आमच्या घरात दोन माणसं एकदम दारातून आत येत नाहीत. आधी एक येतो, चपला काढतो, बाजूला होतो, मग दुसरा. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटतं. जोडीने आलेल्या नवराबायकोला मी उंबऱ्यावरच हळूच सांगते, "तुम्ही जरा थांबा हं, यांना पुढे होऊ द्या." आत वन्सं खुर्चीत बसलेल्या असतात. दोघं खांद्याला खांदा लावून शिरले की त्यांचा चेहरा उतरतो आणि मग जेवणावर वासना राहत नाही.

पाहुण्यांना कारण सांगत बसत नाही. इथे सांगते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लहानपणी तापात त्यांचा उजवा कान गेला. डाव्याने चांगलं ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. शाळेत मागून कोणी हाक मारली की त्या पुढे बघायच्या, आणि वर्ग हसायचा. "दोन कान असले की माणसाला दिशा कळते," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि एका गलक्यातून आपल्याला हवा तो आवाज वेगळा काढता येतो. मला ते कधी जमलं नाही. म्हणून मी यंत्राला आठ कान दिले."

हे यंत्र बोगद्यावरचं. डोंगर फोडून रस्ता काढायचं काम होतं आणि आमचं सगळं घर त्यावर होतं. आमचे हे आणि वन्संचे यजमान ड्रिलवर. वन्सं वायरलेसच्या इंजिनिअर, वर टेकाडावरच्या कंट्रोल रूममध्ये. मी बोगद्याच्या तोंडाशी स्टोअरमध्ये. हेल्मेट, हातमोजे, बूट द्यायचे आणि फाटके परत घ्यायचे. वन्संच्या यजमानांना हे दाजी म्हणायचे, म्हणून मग मी, मुकादम, चहावाला, सगळ्यांचेच ते दाजी झाले. "अख्खं खानदान डोंगराच्या पोटात घातलंय," असं दाजी म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याला एक डबी असायची. ती सारखी खूण पाठवत राही. सगळ्या डब्या एकाच वेळी, एकाच पट्टीत बोलायच्या, आणि बोगद्याच्या दगडी भिंतींवर आपटून त्या आवाजांची नुसती खिचडी व्हायची. आत ओळीने बसवलेल्या आठ अँटेना ती खिचडी ऐकायच्या. प्रत्येकीला ती थोडी वेगळी ऐकू यायची, आणि त्या वेगळेपणावरूनच यंत्र ओळखायचं की ही डबी कोणाची आणि ती कुठे आहे. सगळ्यात मोठा आवाज आधी ओळखायचा, तो वजा करायचा, मग त्याच्याखालचा, मग त्याच्याखालचा. बोर्डावर प्रत्येकाच्या नावाचा दिवा. माणूस आत असला की लाल, बाहेर असला की हिरवा. एक जरी दिवा लाल असला तरी सुरुंग उडवायची किल्ली फिरत नसे.

यंत्राला हे कसं कळायचं? तर रोज सकाळी वन्सं पाढे म्हणून घ्यायच्या. पाढे हे नाव माणसांनीच पाडलेलं. प्रत्येकाने एकेकट्याने बोगद्याच्या तोंडातून आत जाऊन परत यायचं, आणि त्याची डबी तेवढ्यात ठरलेली खूण पाठवायची. उत्तर यंत्राला आधीच ठाऊक, त्यामुळे आज भिंतींनी त्या उत्तराचं काय केलं ते त्याला कळायचं. डोंगर रोज पुढे सरकतो, रोज नवा दगड उघडा पडतो, म्हणून पाढे रोज. माणसं कंटाळायची. दाजी तर खरंच बे एके बे म्हणत जायचे.

नंतर वन्संनीच यावर उपाय काढला. यंत्राने पाढ्यांवर अवलंबून राहू नये. दिवसभर जे निकाल ते देतं, तेच खरे धरून त्यावरून पुढचं शिकावं. वेळ वाचला. साहेब खूश, माणसं खूश. दाजींनी बायकोसाठी आईस्क्रीम आणलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं विचारलं होतं, "म्हणजे आपला पेपर आपणच तपासायचा?"

"जवळजवळ तसंच," वन्सं हसून म्हणाल्या. "पण पोर हुशार आहे गं."

पोर हुशारच होतं. आधी बोर्डावर एखादा दिवा पिवळा व्हायचा, म्हणजे यंत्राला खात्री नाही. मग मुकादम टॉर्च घेऊन आत जायचा, नावाने आरोळी द्यायचा. हळूहळू पिवळे दिवे कमी झाले आणि मग दिसेनासेच झाले. आरोळीही बंद झाली. ती कोणी बंद केली असं नाही, नुसती राहिली. आरोळीवाचून बोगद्याचं तोंड मला बघवेना. जाता येता मी मनात देवाचं नाव घ्यायची, आणि ते कोणाला सांगायची नाही, कारण हसतील.

वन्संनाही काहीतरी खुपत होतं. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "त्याला हल्ली कधी शंकाच येत नाही."

"मग चांगलंच की."

"हो," त्या म्हणाल्या, आणि चहा तसाच राहिला.

आता दाजी आणि हे. मेहुणे कसले, दोघं सावलीसारखे. एकत्र यायचे, एकत्र हातमोजे मागायचे, एकाच बाकावर डबा खायचे, आत जाताना बाहेर येताना दोन हातांचंही अंतर नाही. मी म्हणायची, "तुमच्या दोघांचं लग्न लावून दिलं असतं तर आम्ही दोघी सुटलो असतो."

त्या आठवड्यात दाजींना कवळी बसली. जेवताना ती टकटक वाजायची. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "दाजी, ड्रिल घरीपण आणलंत का?" सगळे हसले. दाजींनी कवळी काढून पेल्यात ठेवली, पान सारलं आणि उठून गेले. मग अबोला. हे म्हणायचे, येतील की दोन दिवसांत माणसात. दाजींना वाटत असावं, लहान आहे, त्यानेच यावं.

त्या दिवशी सकाळी हे एकटेच आले, हातमोजे घेऊन आत गेले. दाजी बऱ्याच वेळाने आले. कवळी नव्हती, गाल बसलेले. "दे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "दाजी, सोडून द्या ना." त्यांनी कानावर आवाज अडवणारा मफ चढवला आणि निघून गेले.

दुपारी सुरुंगाची वेळ झाली तशी माणसं बाहेर येऊ लागली. हे आले, स्टोअरच्या बाकावर बसले, चहा घेतला. तेवढ्यात वन्सं टेकाडावरून खाली आल्या, कसल्याशा जाड वायरीचं बंडल न्यायला. मी ते काढता काढता सहज म्हणाले, "यांचं भांडण मिटवा हो तुम्ही. आज तर आतसुद्धा वेगवेगळे गेले. दाजी किती मागाहून, एकटेच."

वन्संचा हात बंडलावर थांबला.

"मागाहून?"

"हो. आधी हे, मग दाजी."

"बोर्डावर दोघं एकदमच आत गेले," वन्सं म्हणाल्या. अगदी हळू. "मी बघितलंय. दोन्ही दिवे एकदम लाल झाले."

पहिली शिट्टी झाली. तिसरीला मुकादम सुरुंगाची किल्ली फिरवायचा.

त्या बाकाकडे वळल्या. "तुझे दाजी कुठे आहेत?"

"पुढे गेले असतील," हे म्हणाले. "माझ्याशी बोलतात कुठे. आणि बोर्ड हिरवा आहे ना ताई."

स्टोअरच्या खिडकीवर बोर्डाची एक छोटी प्रत लावलेली होती. सगळे दिवे हिरवे. दाजींचाही हिरवा. मी बाहेर नजर फिरवली. पाण्याच्या टाकीशी, गाडीपाशी, सावलीत, कुठेच दाजी नव्हते.

मला तेव्हा काही समजलं नव्हतं. वन्संनी नंतर समजावलं ते असं. पाढे बंद झाल्यापासून यंत्राने या दोघांना कधी वेगळं बघितलंच नव्हतं. यांची डबी अँटेनांच्या जवळच्या बाजूला, आवाज मोठा. दाजींची नेहमी त्यांच्या अंगाआड. यंत्राने स्वतःच्याच निकालांवरून पक्कं शिकून घेतलं, की हे जिथे तिथे दाजी. मग खरे दाजी दुसरीकडून बोलू लागले तेव्हा त्या बारीक आवाजाला त्याने भिंतीवरचा पडसाद ठरवलं आणि वजा करून टाकलं. हे बाहेर आले, यंत्राने दाजींनाही बाहेर काढलं. शंका म्हणून आली नाही.

पहिल्या शिट्टीनंतर मुकादमाने फोन बंद ठेवायचा असा नियम होता, कारण त्याने फक्त बोर्ड बघायचा, माणसांचं ऐकायचं नाही. हाही नियम आमच्या भल्यासाठीच केलेला. मुकादम बसायचा वळणापलीकडे. कंट्रोल रूम टेकाडावर. समोर होतं ते बोगद्याचं तोंड.

वन्संनी यांच्या पट्ट्यावरची डबी ओढली. पट्टा तुटला, चहा सांडला.

"ताई, काय करतेस?" हे उठले, त्यांच्यामागे धावले. वन्सं तोंडाशी वळल्या आणि दोन्ही हात पुढे करून यांना थांबवलं.

"डबी माझ्याकडे आहे. तू आत आलास तर तुला कोणी बघणार नाही."

आणि आत गेल्या.

दुसरी शिट्टी झाली. हे तोंडाशीच उभे. मी खिडकीवरच्या बोर्डाकडे बघत होते. देवा, एवढंच म्हणत होते, पुढे शब्द नव्हता. हिरवे, हिरवे, सगळे हिरवे. वन्संच्या स्वतःच्या नावाचा दिवा त्या बोर्डावर नव्हताच.

मग यांचा दिवा लाल झाला. हे माझ्यासमोर उभे होते आणि त्यांचा दिवा आत लाल झाला. आणि त्याच क्षणी, लगोलग, दाजींचाही. जणू दाजी आत्ता वन्संच्या पाठोपाठ आत शिरले. दाजी सकाळपासून आतच होते.

तिसरी शिट्टी झाली नाही.

दाजी आत ड्रिलच्या मशीनमागे बसले होते, कानावर मफ, पाठ भिंतीला. रुसून जरा बसले आणि डोळा लागला. वन्संनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. उजेडात आल्यावर दाजी म्हणाले, "एवढं काय झालंय?"  यांनी त्यांचे पाय धरले. दाजी गोंधळून म्हणाले, "अरे कवळीचं मी केव्हाच विसरलो."

चौकशी झाली. मोठे साहेब आले. वन्संनी सगळं सांगितलं, चूक माझी म्हणाल्या, पाढे पुन्हा सुरू करा म्हणाल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण दिवे वेळेवर लाल झाले ना? किल्ली फिरली नाही. यंत्रणेने आपलं काम केलं, मॅडम." वन्संचं कौतुक झालं. आमच्या बोगद्यावर, त्यांच्या हट्टापायी, पाढे परत आले. बाकीच्या बोगद्यांवर तेच यंत्र बसलं, स्वतःचं स्वतः शिकणारं. तिथे काही अडचण नाही, असं साहेब सांगतात. एकही पिवळा दिवा नाही म्हणे.

वन्सं आता घरीच असतात. सकाळी अंघोळ झाली, मी देवापुढे निरांजन लावलं, की त्या फोन घेऊन बसतात. एकेका बोगद्याच्या फाटकावर लावतात. तिथले पहारेकरी आता त्यांना ओळखतात, काही जण चेष्टाही करतात.

"आज कोण कोणाबरोबर आत गेलं?" त्या विचारतात.

"नेहमीचेच, ताई."

"जोडीने?"

"जोडीनेच. जुळे भाऊ आहेत आमच्याकडे नवे. एकमेकांना सोडतच नाहीत."

वन्सं चांगला कान फोनला घट्ट लावतात. "त्यांना सांग, वेगवेगळं चाला. माझं नाव सांग."

पलीकडे हसण्याचा आवाज येतो, तो मलाही ऐकू येतो. मग फोन ठेवला जातो. वन्सं पुन्हा तोच नंबर लावतात.