आबांचा टेस्टर

माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. नवल हे, की त्यांचे सारे आयुष्य तिसगावच्या आसपास विजेच्या खांबांवर चढण्यात गेले होते. भर वादळात तुटलेली तार जोडणारा हा लाइनमन निवृत्त झाला आणि लेकीच्या घरी पाणीही बेताने प्यावे असे मानणाऱ्या पिढीतला असूनही, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पारनेरला आमच्या घरी येऊन राहिला. कारण एकच होते. माझ्या सहा वर्षांच्या वैजूला दमा होता.

मी त्यांना मामा म्हणे, वैजू आबा. त्यांच्या भीतीला मोठी शिस्त होती. फोडणीत मिरची पडायच्या आत ते वैजूला उचलून अंगणात नेत. शेजारी कोणी गादी झटकली, तरी घराला आग लागल्यासारखे ओरडत. देवघरातला धूप त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केला आणि माझ्या आईचा चेहरा उतरलेला पाहून हात जोडले. "विहीणबाई, देवाला मी सांगितलंय. त्यो समजून घेतो. पोरीची छाती समजून घेत न्हाई."

अशात नगरच्या डॉक्टरांनी आम्हाला प्लॅस्टिकची एक नळी दिली. तिच्या अंगावर आकडे होते आणि फुंकले की लाल काटा पुढे सरके. डॉक्टर म्हणाले, "मूल खेळते, हसते, म्हणून ते बरे आहे असे समजू नका. श्वासनलिकांना आतून सूज असते आणि ती बाहेरून दिसत नाही. औषधाचा पंप रोज द्या आणि रोज सकाळी हिला यात फुंकायला लावा. काटा उतरू लागला, की दम लागण्याआधीच सावध व्हा." मी आणि पत्नी गोंधळून गेलो. मामा मात्र खुलले. "टेस्टर हाय म्हना की! नुसती तार बघून कळतं व्हय, करंट हाय का न्हाई?"

त्या दिवसापासून आमच्या घरी येणाऱ्याची सुटका नव्हती. दूधवाला असो वा दूरचा पाहुणा, "आधी फुका, मग च्या" हा नियम झाला. एकदा माझे बँकेतले साहेब सपत्नीक आले, तर मामांनी त्यांनाही फुंकायला लावले. काटा पाहून मान हलवली आणि वहिनींच्या देखत म्हणाले, "सायेब, बिडी जरा कमी करा." साहेब बिडी ओढतात, हे वहिनींना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

मी मनातल्या मनात हसत असे. ते हसू म्हणजे माझ्याच भीतीने घातलेला सदरा होता, हे मला फार उशिरा उमगले. मामांना असा सदरा घालता येत नसे. सकाळी काटा थोडा जरी खाली राहिला, तरी त्यांचा चेहरा पांढरा पडे. पुढ्यातली भाकरी तशीच राही. "भूक न्हाई," एवढेच म्हणत. वैजू दारात उभी राहून त्यांच्या ताटाकडे पाहत असे.

मग हिवाळ्यात काटा एकाएकी चढला आणि चढलेलाच राहिला. मामा दोन भाकऱ्या खाऊ लागले. ते आकडे पाहून डॉक्टरांनीही पंप निम्मा केला.

एका बाजारच्या दुपारी मी घरी आलो, तेव्हा वैजू ओट्यावर दोन्ही हात टेकून बसली होती. खांदे वर ओढलेले, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. "बाबा..." एवढ्या एकाच शब्दाला तिचा दम पुरत होता. मामांनी तिच्या तोंडाला नळी लावली. तिने फुंकले. काटा नेहमीसारखा झपकन वर गेला.

"काटा बराबर हाय, जावईबापू! काटा तर बराबर हाय!" असे म्हणत ते एकदा काट्याकडे, एकदा तिच्या गळ्याकडे पाहू लागले. मग त्यांनी नळी फेकून दिली आणि पोरीला छातीशी धरून रस्त्यावर धाव घेतली. मिळेल त्या जीपने आम्ही नगर गाठले. वाटेत मामांनी तिच्या पाठीवर ठेवलेला हात हलवला नाही.

ती वाचली. बोलू लागल्यावर डॉक्टरांनी तिला समोर आपल्याकडच्या नळीत फुंकायला सांगितले. तिने गाल फुगवले, जीभ दातांशी दाबली आणि "थुक्" असा आवाज झाला. काटा वर!

"अगं, हा छातीतला वारा नाही, जिभेचा झटका आहे," डॉक्टर थक्क होऊन म्हणाले. "कुठे शिकलीस?"

"बोराची बी अशीच लांब जाती," ती म्हणाली. बी कोण लांब थुंकतो, ही आमच्या गल्लीतल्या पोरांची शर्यत सर्वांना ठाऊक होती.

"पण असं का करायचं, बाळ?"

तिने आबांकडे पाहिले. "काटा खाली आला की आबा जेवत न्हाईत."

मामा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घरी परतल्यावर त्यांनी नवा नियम केला. सकाळी उठून ते आधी जेवत, पोटभर, वैजूला समोर बसवून. हात धुऊन, मोठ्याने ढेकर देऊन म्हणत, "जेवलो बघ. आता तुझा टेस्टर काय बी सांगू दे." आणि तिच्याकडे पाठ करून बसत. आकडा मी वाचत असे. तो कमी असला, की त्यांची पाठ किंचित हले. वळून मात्र ते कधी पाहत नसत.

मामा जाऊन बरीच वर्षे झाली. वैजू आता पुण्याला असते. पंप तिच्या पर्समध्ये असतो. रविवारी तिचा फोन येतो आणि तिच्या पहिल्या शब्दाआधीचा श्वास मी कान देऊन ऐकतो. ती विचारते, "बाबा, जेवलात?"

मी तिचा फोन यायच्या आधीच जेवून घेतो.