आप्पांनी न विकलेली म्हैस

आता तुम्हीच न्याय करा बाई, माझं डोकं अजून तापलेलंच आहे! म्हैस मी विकली नाही. आप्पांनीही विकली नाही. तरी कवठे येमाईत ती विकली गेली, आणि खापर कुणावर? माझ्यावर!

मी दौंडची. पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. करते. माणसाची भाषा जनावरांपेक्षा वेगळी का झाली, यावर एक मत असं, की माणूस वाक्याच्या पोटात वाक्य घालतो, त्याच्या पोटात आणखी एक. प्रबंधात मी ते झोकात लिहिलं. सर म्हणाले, "गावात असं तीन मजली कोण बोलतं? एक तरी वाक्य रेकॉर्ड करून आण, नाहीतर ते प्रकरण काढून टाक."

अख्खं प्रकरण! मी लगेच मामाचं गाव, कवठे येमाई, गाठलं.

सकाळी दूध डेअरीच्या रांगेत बायकांना नमुना वाचून दाखवला. नमुन्यात ओळखीची माणसं घ्यावीत, असं आम्हाला शिकवलंय. म्हणून शेजारचे आप्पा घेतले आणि आमची मामी. 'आप्पांनी म्हैस विकली असं मामीला वाटतं.'

"असं बोलतो का हो आपण?" मी विचारलं.

कमलमावशींनी किटली खाली ठेवली. "कवा इकली?"

"विकली नाही हो! उदाहरण आहे."

"व्हय व्हय, उदाहरणच हाय," म्हणत त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं.

त्यात आप्पांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतीण घरात आणि बापानं दुभती म्हैस विकली? दुपारपर्यंत बातमी शिरूरला लेकीच्या सासरी! म्हणे माणसाला भाषा सुचली ती शिकारीसाठी. छे! शेजाऱ्याची म्हैस विकण्यासाठी सुचली!

संध्याकाळी मी मामीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करत होते, तर दारात आप्पा. हातात काठी. मी पाल चुकचुकली तरी दचकणारी! आधी रेकॉर्डिंग बंद केलं. पुरावा नको!

"आप्पा, तुम्ही म्हैस विकली असं मी म्हटलंच नाही! तसं मामीला वाटतं, एवढंच म्हटलं!"

किती काटेकोर उत्तर! पण मामी लाटणं घेऊन उठली.

"मला? मला कशाला वाटंल गं, भवाने?"

"थांबा वहिनी," आप्पा गरजले. "ए पोरी! म्या म्हैस इकली आसं तुझ्या मामीला वाटतंय आसं तू डेरीवर म्हणलीस आसं कमळीनं फोन करून सांगितलं म्हून माझी इहीण दुपारधरनं रडतीया!"

आणि पाठ फिरवून चालायला लागले.

मी बोटांवर मोजलं. विकली, वाटतंय, म्हणलीस, सांगितलं, रडतीया. पाच मजले! एका दमात! कुठं अडखळणं नाही! आणि माझा फोन?

मी रेकॉर्डिंग चालू करून अनवाणी धावले. "आप्पा! ओ आप्पा! तेवढं वाक्य परत एकदा म्हणता का?"

आप्पा थांबले. वळले. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बोलले.

ते मात्र अगदी स्वच्छ रेकॉर्ड झालंय. दोनच शब्द आहेत, आणि प्रबंधात घालण्यासारखा त्यातला एकही नाही.