पेटीवरचा साकव

"सही करायला हात दुखतोय व्हय, वैनी? इतकी वर्षं न वाचता करत आलाय की."

"म्हणूनच दुखतोय."

रुद्रेशनं कागद बोटानं आणखी पुढं सरकवला. शांभवीनं त्यावर चहाचा कप ठेवला. गोल डाग उमटला, तरी दिरानं कागद ओढून घेतला नाही. त्याच्याकडं आणखी दोन प्रती होत्या. उचगावातल्या त्यांच्या हार्डवेअर दुकानामागच्या खोलीत हे सकाळपासून चाललं होतं. पुढं गल्ल्यावर बसलेला तिचा नवरा सिद्धलिंग गिऱ्हाईक नसतानाही खिळे तोलत होता.

कागद होता केस मागं घेण्याचा अर्ज. केस शांभवीची, सरकारी खात्याविरुद्ध, आणि आजच कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं सुनावणी. चंदगडकडच्या एका वाडीच्या ओढ्यावर साकव बांधायचं टेंडर निघालं होतं. शांभवीनं ते भरलं आणि तिचा दराचा लिफाफा न उघडताच तिला बाद केलं. कारण काय, तर जागा पाहिल्याचा साहेबांचा दाखला जोडलेला नाही. जागा तिनं पाहिली होती. साहेबच आले नव्हते.

शांभवीचं लग्नच मुळात एका कागदावर जमलेलं. बघायला आले तेव्हा सासूनं, मल्लव्वानं, भाकरी जमते का हे विचारलंच नाही. "डिप्लोमा सिव्हिलचाच न्हवं?" एवढं मात्र दोनदा विचारलं. बेरोजगार इंजिनिअरांसाठी काही सरकारी कामं राखीव असतात. रुद्रेश बांधकामात मुरलेला, पण बारावी नापास. हातावरची मेंदी जायच्या आत सुनेच्या नावानं ठेकेदारीची नोंदणी झाली. मग गटारं झाली, समाजमंदिरं झाली, शाळांच्या भिंती झाल्या. फलकावर ‘ठेकेदार: सौ. शांभवी’, जागेवर रुद्रेश. ज्या गावात तिच्या नावाची पाटी, त्याच गावात लोक तिला रुद्रेशची वैनी म्हणून ओळखायचे.

मग मोटारसायकलवरून पडून रुद्रेशचा पाय मोडला आणि स्लॅब तर टाकायचा होता. ती गेली. मिस्त्री तिच्या खांद्यावरून मागं बघत विचारायचा, पावणं कुठं राहिलं? पावणं न्हाईत, मीच हाय, असं ती आठवडाभर सांगत राहिली. नंतर त्यानं विचारणं सोडलं. रुद्रेशचं प्लास्टर निघालं तरी ती काही घरात परत बसली नाही. जेवताना उठून फोन घ्यायची, झोपेत गिलाव्याला पाणी मारा म्हणायची. साकवाचं टेंडर हे तिनं स्वतः मापं घेऊन, स्वतः दर काढून भरलेलं पहिलं काम.

जागा बघायला ती एसटीनं गेली होती. पाऊस तुटून पडत होता, साहेबांचा फोन बंद. ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले, त्यांच्यावरून पाणी चाललेलं. वाडीतली बायडाबाई साडी खोचून पलीकडनं आली आणि तिनं शांभवीचा हात धरला. म्हणाली, आधी ओढ्याची ओटी भरा, मग पाय टाका. ओटीला काय होतं जवळ? बायडाबाईच्या कनवटीचे मूठभर तांदूळ आणि शांभवीचा रुमाल. तेवढं पाण्यात सोडून दोघी पार झाल्या. फोटो एकही नाही, फोन पिशवीत गुंडाळलेला.

"काम हातात यायच्या आधी कुणी ओटी भरतं व्हय? बाजारात तुरी," रुद्रेश आत्ताही म्हणाला. "तिथंच माती खाल्लीसा."

खात्यानं कोर्टात लिहून दिलं की ही बाई जागेवर गेलीच नव्हती. तेव्हा बायडाबाई कोल्हापूरला आली, वकिलांपुढं बसली, आणि बचत गटाच्या बाहेर पहिल्यांदाच कशावर तरी सही केली: ही बाई आली होती, मी हात धरला होता. त्यावर कोर्टानं कामाला स्थगिती दिली.

आणि मग टेंडर मिळालेल्या विजयसिंहाचा निरोप आला. शांभवीला नव्हे, रुद्रेशला. केस मागं घ्या, सगळं काम तुम्हालाच पेटीवर देतो. म्हणजे काम यांनी करायचं, बिल त्याच्या नावानं निघायचं, त्याचा हिस्सा त्यानं आधी कापायचा. रुद्रेशनं होकार देऊनही टाकला होता.

"ओढा त्योच, सिमेंट त्येच, बांधणार बी तुम्हीच," तो म्हणाला. "वंगाळ काय हाय त्यात?"

शांभवी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "आजवर नाव माझं, काम तुमचं. आता काम माझं, नाव त्याचं. दोन्ही एकदम माझं कधी व्हायचं, भावजी?"

"नाव काय चाटायचंय?"

"मग इतकी वर्षं तुम्हाला माझं कशाला लागलं?"

पुढं दुकानात खिळ्यांचा आवाज थांबला.

रुद्रेश काही वाईट माणूस नव्हता. त्यानं दम घेतला आणि शांतपणे हिशेब मांडला. केस चालली तर निकाल कधी, देव जाणे. वळीव सुरू झालाय. आत्ता हात घातला तर पावसाच्या तोंडाला साकव उभा राहील. एका सहीचा तर प्रश्न.

शांभवीनं कप उचलला आणि अर्जातल्या एका ओळीवर नख टेकवलं. ‘सदर केस गैरसमजातून दाखल झाली असून, मी जागेची पाहणी केली नव्हती.’

"ह्यावर सही केली की बायडाबाई खोटी ठरते, भावजी. कोर्टात खोटं बोललेली बाई."

"तिला कोण विचारतंय?"

"वाडी विचारतेय."

काल बायडाबाईचा फोन आला होता. नळावर बाया टोमणे मारतात म्हणे, तुझ्या सहीनं साकव अडला, आता तूच पोरं पाठीवर घेऊन पार कर. ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "ताई, खरं सांगितलं की काम थांबतं व्हय?" शांभवीनं उलट फोन करते म्हणून सांगितलं होतं. केला नव्हता. रात्रभर तिचा तो प्रश्न कुशीखाली खड्यासारखा टोचत होता.

रुद्रेशनं तोंड उघडलं तेवढ्यात दारातून आवाज आला. "सुम्न कूडो, रुद्रा."

मल्लव्वा रागावली की कानडीत शिरायची. गप बस, एवढाच अर्थ. मांडीवरचं ज्वारीचं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"सही करू नकोस, शांभव्वा. ह्याच्याकडं मी बघते. तुझा कागद आम्ही लई वापरला. पर मला एक सांग. तुझा निकाल लागंस्तवर आषाढ येतोय. त्या बाईनं तुझा हात धरला. आता ती ओढ्यातनं जाईल तवा तिचा हात कुणी धरायचा?"

शांभवीनं केसची फाइल पिशवीत घातली. बाहेर काढली, पुन्हा घातली. पेन टेबलावर होतं, ते तसंच राहू दिलं. सासूकडं तिनं एकदा बघितलं आणि चपला पायात सरकवल्या. दुकानातून जाताना सिद्धलिंगनं गल्ल्याजवळची फळी उचलून धरली. त्याच्याकडं मात्र तिनं बघितलं नाही. डाव्या चपलेचा पट्टा लावायचा राहिला होता. तशीच, पाय ओढत, ती कोर्टाकडं जायला रस्त्यावर गेली.