दारामागचा खडू

काकूच्या पदराला कायम गाठी असायच्या. काही लक्षात ठेवायचं झालं की ती पदराला गाठ मारायची. तशा आपल्याकडे सगळ्याच बायका मारतात, पण हिच्या पदराचं दुपारपर्यंत दावं व्हायचं. मग एकेक गाठ चाचपत स्वतःशीच हसायची, "गाठ हाय गं, पण कशाची हाय त्येच न्हाय की!"

गल्लीत तिचं नाव गाठीकाकू. कुणी लाडानं म्हणायचं, बहुतेक कुचेष्टेनं. चुलीवर दूध ठेवून ती विळी शोधायला जायची आणि विळी शोधता शोधता शिवणयंत्रावर बसायची. तिथं बसली की मात्र तिच्यासारखा हात सबंध गल्लीत नव्हता. असल्या डोक्याला काही नाव असू शकतं, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. 'येंधळी' हा एकच शब्द होता आणि तो सगळ्यांना पुरायचा. "मी काय मुद्दाम इसरतो व्हय गं?" ती विचारायची. काकाही छत्र्या हरवत, कपाळावरचा चष्मा घरभर शोधत. पण ते 'कामाच्या व्यापातले'. वा रे न्याय!

काकांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. व्यापारी नव्या वर्षाला डायऱ्या पाठवत, त्यातली एक ते काकूपुढं टाकत. "ह्यात लिवत जा. तुज्या डोस्क्याचा काय भरवसा न्हाय." काकू हरखायची. टपोऱ्या अक्षरात सगळं लिहायची. संक्रांत आली की डायरीच गायब. एकदा ती पिठाच्या डब्यात सापडली. मी हसले, तर म्हणाली, "डायरी उगडायची आटवण कुटल्या डायरीत लिवू, सांग की!"

पण बाई हार मानणारी नव्हती. एके दिवशी माझ्या दप्तरातला खडू घेऊन तिनं स्वयंपाकघराच्या दारामागं लिहिलं: नळाचं पाणी. दळण. धाकटीची फी. "डोळ्यांम्होरं असलं तरच माज्या ध्यानात ऱ्हातं. वही मिटली की मेलीच समज." काम झालं की ओल्या फडक्यानं पुसायची, झोपण्याआधी नवं लिहायची. आणि काय सांगू, जमलं की! पाणी भरलेलं, दळण आलेलं, फी वेळेवर. वर्षभर तिनं हे नेटानं चालवलं. त्या जोरावर मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. दारामागं मोठ्या अक्षरात लिहिलं: गुरुवार, मुलाखत. "आता पोरी मला 'बाई' म्हनत्याल," असं म्हणताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

मी सुट्टीत शिरोळला मामाकडं गेले आणि इकडं काकांनी त्या दाराला ऑइलपेंट लावून घेतला. काकूच्या थोरलीला बघायला मलकापूरचे पाहुणे यायचे होते. घरातलं येडेपण दारावर कशाला, म्हणाले. पाहुण्यांच्या गडबडीत गुरुवार निघून गेला. काकूला शुक्रवारी आठवलं. धावत शाळेत गेली, तर जागा भरलेली.

मी परत आले तेव्हा दार हिरवंगार चकचकत होतं. काकूनं त्यानंतर कुठंच काही लिहिलं नाही. "माजं डोस्कंच फुटकं, त्येला कोन काय करनार?" एवढंच म्हणायची. मरेपर्यंत तेच म्हणत राहिली.

तिच्या तेराव्याला, पंगतीत, काका तिच्या विसरण्याचे किस्से सांगत होते. "त्या मुलाखतीचा वार मला चांगला ठावं हुता की," ते म्हणाले. "मुद्दामच बोललो न्हाय. म्हटलं, बघू तर हिच्या ध्यानात ऱ्हातंय काय. शाळंत जाऊन काय दिवं लावनार हुती!" पाहुणे हसले. मी भरल्या ताटावरून उठले, ती पुन्हा त्या घरात पाणी प्यायले नाही.

थोरलीनं मला सांगितलं होतं, त्या शुक्रवारी शाळेतून परत आल्यावर काकूनं याच माणसाचे पाय धरले होते. "चारचौघांत तुमास्नी मान खाली घालाय लावली मी," म्हणून.